नौकेवर बिऱ्हाड, पर्यटकांवर गुजराण : हिशेब कितपत जुळतो?

घर वेगळे आणि दुकान वेगळे ठेवावे, असा सल्ला आपल्याकडील जाणते व्यापारी नव्या माणसाला देतात. परंतु जगात एक धंदा असा आहे की, ज्यात घर, दुकान, वाहन आणि आयुष्यभराचे भांडवल या चारही गोष्टी एकाच वस्तूत गुंतलेल्या असतात आणि ती वस्तू बारा महिने खाऱ्या पाण्यात उभी असते. हा धंदा म्हणजे शिडाच्या नौकेवर बिऱ्हाड करायचे, तीच नौका आठवड्याच्या बोलीने पर्यटकांना द्यायची आणि त्या भाड्यावर आपले जगणे चालवायचे. इंग्रजीत यास चार्टर म्हणतात. युरोप-अमेरिकेतील अनेक जोडपी नोकरी सोडून, राहते घर विकून या धंद्यात उतरली आहेत. काहींचे बरे चालले, तर काहींना दोन-चार वर्षांत नौका पडत्या किमतीत विकून परत फिरावे लागले.

आमच्या वाचकांपैकी अशी नौका विकत घेणारे फार थोडे निघतील, याची आम्हास कल्पना आहे. तरीही हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. आमच्या कोकणातील कित्येक घरांतील मुले बोटीवर नोकरीला आहेत, त्यांच्या कानावर या धंद्याच्या गोष्टी येतच असतात. शिवाय ज्याने टेम्पो, ट्रॉलर किंवा यंत्र विकत घेऊन स्वतःच चालवायला घेतले आहे, त्याला यातील प्रत्येक कलम ओळखीचे वाटेल. भाड्याचा मोठा आकडा आणि हातात पडणारी कमाई यांत किती अंतर असते, हे या धंद्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

सुरुवात कशी झाली?

या धंद्याचे मोठे केंद्र कॅरिबियन समुद्र आहे. तेथील चार्टरचा आरंभ एका बिऱ्हाडापासूनच झाला असे सांगितले जाते. व्हर्नन निकल्सन नावाचे ब्रिटिश नौदलातील निवृत्त अधिकारी बायको-मुलांसह ‘मॉलीहॉक’ या शिडाच्या जहाजातून 1949 च्या आरंभी अँटिग्वा बेटावरील इंग्लिश हार्बर या बंदरात येऊन पोहोचले. त्यांना पुढे ऑस्ट्रेलियास जायचे होते. इंग्लिश हार्बरमधील जुनी नौदल-गोदी त्या काळी ओस पडलेली होती. जवळच श्रीमंत अमेरिकनांचा एक क्लब होता. तेथील पाहुण्यांनी या कुटुंबाला विचारले, पैसे घेऊन आम्हाला फिरवाल काय? निकल्सन कुटुंब पुढे गेलेच नाही. त्यातून एक चार्टर कंपनी उभी राहिली, ओस गोदीला पुन्हा जीव आला आणि 2016 मध्ये ती जागतिक वारसा स्थळांच्या यादीत गेली.

पुढे 1969 मध्ये चार्ली आणि जिनी केरी या दांपत्याने ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील टोर्टोला येथे सहा नौका घेऊन ‘द मूरिंग्ज’ ही कंपनी सुरू केली. ही बेटे या धंद्यासाठी जणू घडवलेली आहेत. एका बेटावरून दुसरे बेट दिसते, मधली खाडी बऱ्यापैकी सुरक्षित आहे आणि हिवाळाभर पूर्वेकडून वारा नेमाने वाहतो. त्यामुळे नवखा पाहुणाही तेथे आठवडा सुखाने घालवतो. आज जगातील चार्टर नौकांचा मोठा ताफा येथेच आढळतो. म्हणून पुढील सारा हिशेब आम्ही याच बेटांचा धरला आहे.

तीन मार्ग

नौकेच्या मालकाला उत्पन्न मिळवण्याचे साधारणतः तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे नौका विकत घेऊन चार्टर कंपनीच्या हवाली करणे. करार बहुधा पाच वर्षांच्या आसपासचा असतो. कंपनी ती नौका तिच्या ताफ्यात ठेवते, गिऱ्हाईक आणते, दुरुस्ती व विमा पाहते आणि मालकाला दरमहा ठरलेली रक्कम किंवा भाड्यातील हिस्सा देते. मालकाला वर्षातून काही आठवडे स्वतः वापरायला मिळतात. यात डोकेदुखी कमी खरी, पण मालकाला त्या नौकेवर राहता येत नाही. शिवाय करार संपल्यावर हातात येणारी नौका शेकडो अनोळखी माणसांनी वापरलेली असते. बिऱ्हाडाचे स्वप्न पाहणाऱ्यासाठी हा मार्ग म्हणजे पाच वर्षे दुसऱ्याकडे ठेवलेले घर होय.

दुसरा मार्ग दिवसाच्या सफरीचा. सकाळी पाहुणे घ्यायचे, पोहायला व जेवायला न्यायचे आणि संध्याकाळी परत सोडायचे. यात रात्री नौका आपली राहते. उत्पन्न थोडे, परंतु रोख असते. मात्र जेथे पर्यटकांची जहाजे लागतात किंवा मोठी हॉटेले आहेत, अशाच बंदरात हा धंदा चालतो आणि तेथे स्पर्धाही तेवढीच असते.

तिसरा मार्ग खऱ्या अर्थाने बिऱ्हाडवाल्यांचा. नवरा नौका चालवतो, बायको स्वयंपाक व पाहुण्यांची सरबराई पाहते, किंवा याच्या उलट. सहा-आठ पाहुणे आठवडाभर नौकेवर राहतात. भाडे भरपूर असते, आणि याच मार्गाचे आकडे ऐकून लोकांचे डोळे दिपतात. म्हणून या मार्गाकडे अधिक बारकाईने पाहू.

भाड्याचे वाटेकरी

पाहुणा थेट नौकेवर येऊन पैसे देत नाही. तो आपल्या शहरातील दलालामार्फत येतो. दलालांना नौकेच्या तारखा कळवणारे आणि करार व पैसे सांभाळणारे एक मध्यवर्ती कार्यालय असते. दलालाची दलाली सर्वसाधारणपणे 15 टक्के आणि कार्यालयाचा आकार 5 टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे रुपयातले वीस पैसे मालकाच्या हाती येण्याआधीच गेले. दलालांना टाळावे म्हटले, तर एवढी मोठी रक्कम अनोळखी माणसाच्या हवाली करायला गिऱ्हाईक धजत नाही. त्यामुळे दलालीस इलाज नाही. ते गिऱ्हाईक आणून देणारे भांडवलच समजावे.

पैसे मिळण्याची रीतही ध्यानात घ्यावी. साधारणतः निम्मी रक्कम करार होताना आणि उरलेली सफरीच्या महिना-दोन महिने आधी घेतात. मात्र ही रक्कम मध्यवर्ती कार्यालयाकडे राहते आणि मालकाच्या हातात टप्प्याटप्प्याने येते. सफर रद्द झाली तर ती परत करावी लागू शकते. बयाणा आला म्हणून तो खर्च करणारा मालक येथे हमखास अडचणीत येतो.

व्हर्जिन बेटांत आणखी एक पद्धत आहे. भाड्यातच जेवणखाण, पेये, इंधन सारे धरलेले असते. भूमध्य समुद्रात मात्र भाडे वेगळे ठेवतात आणि भाड्याच्या 25 ते 30 टक्के इतकी रक्कम खर्चासाठी पाहुण्याकडून आगाऊ घेतात. सफर संपल्यावर हिशेब देऊन उरलेली परत करतात. पहिल्या पद्धतीत महागाईचा भार मालकावर पडतो, दुसऱ्या पद्धतीत पाहुण्यावर. भाडे एक वर्ष आधी ठरलेले असते आणि बाजार मात्र आदल्या दिवशी करायचा असतो, हा फरक व्यापाऱ्यांना सांगायला नको. पेयांमध्ये दारूही आलीच. ती ठेवणार नाही असे म्हणणाऱ्या मालकाला त्या बाजारात गिऱ्हाईक अगदी वेगळे शोधावे लागेल, हेही आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे.

समुद्राचा वाटा

नौकेच्या वार्षिक देखभालीला तिच्या किमतीच्या दहा टक्के खर्च येतो, असा नौकावाल्यांमध्ये जुना ठोकताळा आहे. नौका चांगली असेल, मालकाला स्वतः हत्यार धरता येत असेल, तर हा खर्च कमी होतो. पण भाड्याने चालणाऱ्या नौकेची झीज घरगुती वापराच्या नौकेपेक्षा कितीतरी अधिक असते.

खर्चाची कलमे पाहा. दर एक-दोन वर्षांनी नौका पाण्याबाहेर काढून तळाला शेवाळ व शिंपले धरू नयेत असा रंग द्यावा लागतो. ऊन शिडांचा कस काढते. डोलकाठी धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा दिसायला ठणठणीत असल्या, तरी सुमारे दहा वर्षांनी बदला, असा विमा कंपन्या आग्रह धरतात. दोन इंजिने, विजेचा जनित्र, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र, शीतपेट्या, वातानुकूलन, बॅटऱ्या, संडासाचे पंप आणि पाहुण्यांना किनाऱ्यावर नेणारी छोटी होडी यांतील प्रत्येक वस्तू कधी ना कधी बंद पडते. ती पाहुणे असतानाच बंद पडली, तर सुटा भाग विमानाने मागवावा लागतो. बेटावर त्याची किंमत, वाहतूक आणि जकात मिळून मूळ किमतीच्या कितीतरी पुढे जाते.

म्हणून या धंद्यात टिकलेले बहुतेक मालक मुळात कारागीर असतात. ज्याला इंजिन उघडता येते, वायरिंग ओढता येते, शीड शिवता येते आणि लाकूड-फायबरचे काम करता येते, त्याची मजुरी वाचते. प्रत्येक कामाला माणूस बोलावणारा मालक केवळ भाड्यावर फार काळ तग धरत नाही.

वादळाचे सहा महिने

आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढतात. तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळाचा मोसम मानतात. धंद्याचा खरा हंगाम डिसेंबर ते एप्रिल असतो. नाताळ आणि नववर्षाचा आठवडा सर्वांत महाग जातो. मे-जूनमध्ये थोडेफार गिऱ्हाईक मिळते. त्यानंतर नौका सुरक्षित जागी नेऊन ठेवायची आणि खर्च मात्र चालू ठेवायचा.

हा धोका केवळ कागदावरचा नाही. 6 सप्टेंबर 2017 रोजी इर्मा हे पाचव्या, म्हणजे सर्वांत प्रचंड श्रेणीचे वादळ ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरून गेले. टोर्टोलाच्या पॅराकीटा बे या आसऱ्याच्या खाडीत बांधून ठेवलेल्या चार्टर नौका एकमेकींवर ढीग व्हाव्यात तशा फेकल्या गेल्या. ज्यांची नौका म्हणजेच घर होते, त्यांचे घर आणि रोजगार एकाच दिवशी गेला.

दक्षिणेकडे गेले की धोका टळतो, असा समज आहे. विमा कंपन्याही मोसमात नौका अमुक अक्षांशाच्या खाली न्या, अशी अट घालतात. त्यामुळे अनेक नौका ग्रेनाडाकडे जातात. धोका तेथे कमी असतो हे खरे, पण तो संपत नाही. सप्टेंबर 2004 मध्ये आयव्हन वादळाने ग्रेनाडाला झोडपले. 1 जुलै 2024 रोजी बेरिल वादळ ग्रेनाडाच्याच कॅरिआकू बेटावर आदळले आणि आसऱ्यासाठी तेथे नेलेल्या नौकांचीही धूळधाण झाली.

अशा प्रत्येक वादळानंतर विम्याचा हप्ता चढतो आणि अटी कडक होतात. भाड्याने देण्याच्या नौकेचा हप्ता घरगुती वापराच्या नौकेपेक्षा जास्त असतो. वादळाच्या नुकसानीत मालकाने स्वतः सोसायचा हिस्साही नेहमीच्या नुकसानीपेक्षा मोठा ठेवलेला असतो. विमा आहे म्हणून पूर्ण भरपाई मिळेल, असे समजू नये.

वर्षाचा जमाखर्च

आता एक जमाखर्च मांडू. पुढील आकडे हिशेब कळावा म्हणून आम्ही धरलेले आहेत, कोणा एका नौकेचे नाहीत. समजा, दोन सांगाड्यांची, पन्नास फुटांच्या आतबाहेरची जुनी पण चांगली नौका 6,00,000 डॉलरना घेतली. आठवड्याचे भाडे 20,000 डॉलर. वर्षात बारा आठवडे काम मिळाले.

एकूण भाडे झाले 2,40,000 डॉलर. ऐकणारा येथेच थांबतो आणि वाहवा करतो. आपण पुढे जाऊ.

दलाली आणि कार्यालयाचा आकार मिळून 20 टक्के, म्हणजे 48,000 गेले. जेवण, पेये, इंधन, धुलाई आणि नौका बांधण्याचे शुल्क दर आठवड्याला 4,000 धरले, तर बारा आठवड्यांचे आणखी 48,000 गेले. राहिले 1,44,000.

देखभाल दहा टक्क्यांप्रमाणे 60,000. विमा तीन टक्के धरून 18,000. परवाने, तपासणी, जाहिरात, दलालांना नौका दाखवण्याचे मेळावे आणि वादळाच्या मोसमातील जागाभाडे मिळून 16,000. हे 94,000 वजा केले, तर उरले 50,000.

पण नौका दरवर्षी जुनी होते. सहा टक्के घसारा धरला, तर 36,000 बाजूला काढायला हवेत. म्हणजे खरी शिल्लक 14,000 डॉलर. पाहुणे जाताना भाड्याच्या 15 ते 20 टक्के बक्षिसी देण्याची तिकडे रीत आहे. ती 15 टक्के धरली, तर बारा आठवड्यांची 36,000 होते. अशा प्रकारे दोन माणसांनी वर्षभर राबून मिळवले 50,000 डॉलर, आणि त्यातील बराच मोठा भाग बक्षिसीचा. या रकमेतून स्वतःचा औषधोपचार, कर, घरी जाण्याचे विमानभाडे आणि म्हातारपणाची तजवीज करायची.

आता हेच गणित उलटे मांडू. दलाली आणि आठवड्याचा खर्च जाऊन एका आठवड्याचे 12,000 उरतात. नौकेचा वर्षाचा ठरीव खर्च घसाऱ्यासह 1,30,000 आहे. म्हणजे पहिल्या अकरा आठवड्यांची कमाई केवळ नौकेच्या पोटात जाते. मालकाची स्वतःची कमाई, बक्षिसी सोडली तर, बाराव्या आठवड्यापासून सुरू होते.

काम आठच आठवडे मिळाले तर काय होईल? 34,000 ची तूट येईल. बक्षिसीचे 24,000 धरूनही 10,000 खिशातून जातील. आणि नव्या मालकाला पहिल्या वर्षी आठ आठवडे मिळाले तरी बरे म्हणायचे, कारण दलाल अनोळखी जोडप्याकडे आपले गिऱ्हाईक चटकन पाठवत नाहीत. आधी त्यांची नौका, स्वयंपाक आणि स्वभाव पाहतात.

नौका कर्जाने घेतली असेल, तर चित्र आणखी बिघडते. 4,00,000 डॉलरचे कर्ज आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला 28,000 वाढले. मग नौकेचे पोट भरायलाच तेरा आठवडे पुरत नाहीत, चौदावा लागतो. मुद्दलाचे हप्ते वेगळेच. हंगामच मुळात वीस-एकवीस आठवड्यांचा. त्यात दोन सफरींमध्ये धुलाई, बाजार, सफाई आणि दुरुस्तीसाठी खाडा ठेवावा लागतो. प्रत्येक आठवडा विकला जाईल, असे धरून कर्ज काढणाऱ्याची नौका एका वाईट हंगामात हातची जाऊ शकते. मार्च 2020 मध्ये करोनामुळे सीमा बंद झाल्या, तेव्हा ऐन हंगामात सफरी रद्द होऊन बयाणे अडकले आणि पुढे कित्येक महिने तेथे पाहुणा फिरकला नाही. कर्ज नसलेली जोडपी नांगर टाकून थांबू शकली. कर्जदारांचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

कायदा बदलला की धंदा हलतो

पैसे घेऊन माणसे नेणे हा सर्वत्र परवान्याचा विषय आहे. अमेरिकी कायद्यानुसार सहा प्रवासी नेण्याच्या प्राथमिक परवान्यासाठी 360 दिवसांचा समुद्रातील अनुभव दाखवावा लागतो. ब्रिटिश पद्धतीत यॉटमास्टर नावाची परीक्षा आहे. त्याशिवाय जीवरक्षण, आग विझवणे व प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण, वैद्यकीय दाखला आणि नौकेची तपासणी हे सारे आलेच. प्रत्येक दाखल्याला फी आहे आणि मुदतही.

सरकारी नियम बदलला की संपूर्ण ताफा जागा बदलतो. 1993 मध्ये अमेरिकेने प्रवासी नौकांचा कायदा कडक केला. तपासणीचा सरकारी दाखला नसलेल्या नौकेला सहाच पाहुणे नेण्याची मर्यादा कसोशीने लागू झाली. तेव्हा अमेरिकी व्हर्जिन बेटांतील अनेक चार्टर नौका शेजारच्या ब्रिटिश बेटांत गेल्या, कारण तेथे बारा पाहुणे चालत होते. पुढे 2025 मध्ये ब्रिटिश बेटांच्या सरकारने बाहेरून येणाऱ्या चार्टर नौकांचे परवाना शुल्क कैक पटींनी वाढवले. दोन्ही बेटांच्या मध्ये धंदा करणाऱ्यांना आपले गणित पुन्हा मांडावे लागले. ज्याच्या नफ्यात फार थोडी फट आहे, त्याला असा एक बदलही पुरेसा होतो.

घर कोणाचे?

पैशापलीकडचा एक हिशेब राहतोच. पाहुणे असताना उत्तम खोल्या त्यांच्या असतात. मालक आणि त्याची बायको सर्वांत लहान खोलीत, कधी नौकेच्या नाकाडातील अरुंद जागेत झोपतात. पहाटे न्याहारीच्या तयारीपासून रात्री शेवटचा पाहुणा झोपेपर्यंत त्यांचे काम चालते. नांगर सुटला तर रात्रीही उठावे लागते. शनिवारी एक मंडळी गेली की रविवारी दुसरी येते. घर असते, पण हंगामभर त्यात आपले असे काही नसते. लहान मुले असतील, तर हा मार्ग जवळजवळ बंदच समजावा. म्हणूनच बरीच जोडपी तीन-चार हंगामांनंतर थकून बाहेर पडतात. त्या वेळी नौका विकायला काढली, तर भाड्याने चालवलेली म्हणून तिला किंमत कमी येते.

येथे एक साधी तुलना करावी. हेच जोडपे दुसऱ्याच्या नौकेवर कप्तान आणि स्वयंपाकी म्हणून नोकरीला राहिले, तर त्यांना पगार मिळतो, बक्षिसी मिळते, राहणे-जेवणे मिळते आणि वादळात बुडणारे भांडवल दुसऱ्याचे असते. स्वतःच्या नौकेवर वरील हिशेबाने मिळालेले 14,000 हे दोघांच्या वर्षभराच्या मजुरीसह 6,00,000 डॉलरच्या भांडवलाचे फळ आहे, हे कित्येक मालकांना हिशेब मांडेपर्यंत उमगत नाही. म्हणून या धंद्यातील अनुभवी माणसे नवख्याला सांगतात की, आधी एक-दोन हंगाम दुसऱ्याकडे नोकरी करा. जहाजावर नोकरी केलेल्या आमच्या तरुणांनीही या क्षेत्राकडे पाहायचे असेल, तर याच दाराने पाहावे.

कारागिरांसाठी तर आणखी एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. नौकांचे काम बंद होते, तेव्हा दुरुस्तीचे काम सुरू होते. वादळी पट्ट्याच्या दक्षिणेस असलेल्या त्रिनिदादमधील शाग्वारामास येथे 1990 नंतरच्या दशकात नौका दुरुस्तीच्या गोद्या याच कारणाने भरभराटीस आल्या. सुतार, वेल्डर, शीड शिवणारे, गाद्या-आच्छादने करणारे आणि इंजिनचे मिस्त्री यांना मालकांच्या रिकाम्या महिन्यांत काम मिळते. त्यांचे भांडवल हत्यारांच्या पेटीएवढे, आणि मजुरी मात्र नौकेला नफा होवो वा न होवो, मिळते.

काय ध्यानात ठेवावे?

मग या धंद्यात कोणी तगतच नाही काय? तगतात. तगणाऱ्यांच्या काही गोष्टी सारख्या असतात. त्यांनी नौका शक्यतो रोख पैशाने आणि आपल्या ऐपतीपेक्षा लहान घेतलेली असते. किमान एक संपूर्ण वर्ष गिऱ्हाईक नसताना निभेल एवढी रक्कम त्यांनी वेगळी ठेवलेली असते. बहुतेक दुरुस्ती ते स्वतः करतात. दोघांपैकी एकाचा स्वयंपाक असा असतो की पाहुणा पुढच्या वर्षी पुन्हा येतो. पुन्हा येणारा पाहुणा शोधायला जाहिरातीचा खर्च नसतो. पाय टेकायला जमिनीवर कोठेतरी एखादी खोली त्यांनी राखलेली असते. आणि मुख्य म्हणजे ते भाड्यावर श्रीमंत व्हायला निघालेले नसतात. नौकेचा खर्च नौकेने काढावा आणि आपल्याला समुद्रावर राहता यावे, एवढीच त्यांची अपेक्षा असते. ती अपेक्षा पूर्ण होऊ शकते.

आपल्या वाचकांनी यातून एक रीत घ्यावी, असे आम्हास वाटते. घर आणि धंदा एकाच वस्तूत असेल, मग ती मालवणच्या खाडीतील होडी असो, स्वतः चालवायचा ट्रक असो की दुकानावरची खोली, वहीत तीन खाती वेगळी ठेवावीत. पहिले वस्तूचे. यात देखभाल, विमा, परवाना आणि घसारा यावा. दुसरे आपल्या मजुरीचे. हेच काम दुसऱ्याकडे केले असते, तर काय मिळाले असते तो आकडा येथे लिहावा. तिसरे नफ्याचे. पहिली दोन खाती भरल्यावर जे उरेल तेच यात टाकावे. तिसरे खाते वर्षानुवर्षे रिकामेच राहत असेल, तर आपण धंदा करीत नसून आपल्याच वस्तूची चाकरी करीत आहोत असे समजावे, आणि ती चाकरी आपल्याला मनापासून हवी आहे काय, याचा विचार भांडवल शिल्लक आहे तोवर करावा.